पहिल्या सहांत

बाबांनी उताराची जमीन शर्यतीला द्यायचं कबूल केलं तेव्हा ते धडधाकट होते. शर्यत झाली तेव्हा ते नव्हते. मधल्या काळात गवत कापणं, खुरांचे खड्डे बुजवणं आणि दोन्ही वेळा गाई पिळणं हे सगळं माझ्या अंगावर आलं.

मी शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. बाबांना या नोकरीचं फार हसू यायचं. "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार देतात?" ते म्हणायचे. "मग तुझ्या आईचा एव्हाना बंगला झाला असता." मी तपासलेलं एक पुस्तक एकदा त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. भाजी तोलावी तसं तोललं आणि म्हणाले, "जड आहे." पावसाळा सरता सरता ओल्या गवताचा भारा गाडीत टाकताना ते खाली बसले, आणि बसलेले उठले नाहीत. मी चार दिवसांची रजा काढून आले होते. ती रजा थंडीपर्यंत ताणली गेली.

आईच्या हातांचे सांधे धरले होते. कपाची दांडीसुद्धा तिला दोन्ही हातांनी धरावी लागे, मग आचळ कुठून धरवणार? म्हणजे आम्हा दोघी बहिणींपैकी एकीने घरी राहायलाच हवं होतं. धाकटी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि धावत होती. क्रॉस कंट्री म्हणतात त्याला. मैदानावर नाही, तर चढ-उतार, चिखल, ओढा, गवत यांतून पळायचं. ती कॉलेजातली पहिली होती, विभागातली पहिली होती, आणि यंदा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तिच्याच कॉलेजने घ्यायची ठरवली होती, आमच्याच उतारावर.

बाबांना जाऊन महिना झाला तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून म्हणाली, "ताई, एवढी एकच नॅशनल राहिलीये माझी. पहिल्या सहांत आले तर प्रशिक्षण केंद्रात घेतात. राहणं-खाणं सगळं त्यांचं."

"आणि नाही आलीस तर?"

"तर परीक्षा बाहेरून देईन आणि इथे गाई बघेन. तू तुझ्या छापखान्यात परत जा."

"आणि आलीस तर?"

ती टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पसरवत राहिली. आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आली तर आली. आत्तापासून कशाला भांडता?"

कुणी भांडत नव्हतं. छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला होता. माझी जागा त्या थंडी संपेपर्यंत धरून ठेवणार होत्या, पुढे नाही. म्हणजे माझा हिशेब सरळ होता. देशातल्या सहा मुलींनी माझ्या बहिणीच्या पुढे धावावं, एवढंच मला हवं होतं. फार मागणं नव्हतं ते.

शर्यतीच्या आधीचा आठवडा ती घरीच राहायला आली. तिच्या मॅडमनी तिला रोज उतार पायांखालून घालायला सांगितलं होतं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही असंही सांगितलं होतं. उचलायचं नाही, वाकायचं नाही, ओल्यात उभं राहायचं नाही. मी पहाटे गोठा खरवडून, धारा काढून, कॅन रस्त्यापर्यंत ढकलत नेऊन परत येई, तेव्हा ती नुकती उठून पाय ताणत असे. भिंतीला हात लावून एक टाच मागे, मग दुसरी. भिंत पडतेय आणि ही सावरतेय, असं वाटावं.

"मी कॅन घेऊ का एक?" ती विचारायची.

"नको. मॅडम ओरडतील."

"त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हणायची, आणि ती हसायची. ती हसली की मला आणखी राग यायचा, कारण मी गंमत करत नव्हते.

दुधाच्या गाडीवाल्याला सगळा पट्टा खोकल्या म्हणत असे. गाडी वळणावर यायच्या आधी त्याचा खोकला यायचा. तो कॅन वर ओढून घेताना रोज एकच गोष्ट विचारी. "काय म्हणते आपली हरणी? येणार ना पहिली?"

"तिलाच विचारा."

"तुमचे बाबा असते तर आज माझ्या शेजारी बसून त्यांनी मला तिचीच टकळी ऐकवली असती. प्रत्येक शर्यतीला नेलंय मी त्यांना. येताना सगळा रस्ता तेच पळत असायचे." तो खोकला, थुंकला आणि म्हणाला, "तुमच्या छापखान्यात नाही का पळायला लागत?"

मी त्याला झाकण घट्ट बसवायला सांगितलं.

संध्याकाळी धाकटी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसे. आई तिच्यापुढे पाटावर बसून तिच्या पोटऱ्या चोळी. ज्या हातांना आचळ धरवत नव्हतं त्या हातांचे अंगठे पोटरीत रुतवून ती खालून वर, खालून वर न्यायची. तिला दुखत होतं. ते तिच्या ओठांवर दिसत होतं. मी दाराशी कोपरापर्यंत हात धूत उभी असायची. माझ्या मनगटांत कळा होत्या, खांद्याच्या पात्याखाली खिळा ठोकल्यासारखं वाटे. बोलले असते तर आईने माझेही खांदे चोळले असते, आणि मला ते मागून घ्यायचं नव्हतं.

मार्ग आखायला कॉलेजची माणसं आली. चुन्याच्या रेघा ओढल्या, झेंड्या खोवल्या. गाई पावसाळाभर उतारावर चरलेल्या, त्यामुळे खुरांचे खड्डे जागोजागी. त्यात माती घालून धुमसाने ठोकायचं काम मला दिलं. शेण उचलायचंही. मी टोपली घेऊन चुन्याच्या रेघेने फिरत होते आणि एक चष्मेवाला मुलगा दुरून हात करत होता. "ओ बाई, इकडेपण राहिलंय. तुमच्या डावीकडे. आणखी डावीकडे."

त्याच वेळी धाकटीच्या संघातल्या मुली मार्ग बघायला आल्या. सगळ्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट, अंगात एकसारखी जाकिटं. मला वाटलं, ती आता ओळख दाखवणार नाही. दाखवू नये असंही वाटलं, म्हणजे धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं. ती सरळ आली आणि म्हणाली, "ही माझी ताई. पुस्तकं तपासते शहरात. घरात सगळ्यात हुशार." एका मुलीने हात पुढे केला. मी माझा हात दाखवला. मुलगी दचकली आणि धाकटीने माझा तोच हात, शेणासकट, स्वतःच्या हातात घेऊन हलवला. सगळ्या हसल्या. मीही हसले. मला तिच्यावर रागावायलाही ती जागा देत नव्हती.

ओढा ओलांडल्यावर शेवटच्या चढाआधी कुंपणात आमचं फाटक होतं. मार्ग त्यातूनच जात होता. मोजमाप करणारे गृहस्थ टेप गुंडाळत म्हणाले, "हे काढून ठेवा. नाहीतर उघडं करून दोराने बांधा."

आई माझ्यासाठी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्याला दोर कशाला? जिथे सोडाल तिथे उभं राहतं ते."

"वाऱ्याने लागेल ना, आजी."

"लावून दाखवा."

त्यांनी फाटक अर्धं उघडून सोडलं. चांगला वारा होता. फाटक जागचं हललं नाही. त्यांनी पूर्ण उघडलं, तिथेही ते राहिलं. बाबांनी ते बसवताना तीनदा काढलं होतं, तीनदा खांब उपटून पुन्हा रोवला होता. तेवढे दिवस आईने त्यांना जेवण तिथेच नेऊन दिलं होतं. "नवऱ्याने एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर," ती गृहस्थांना म्हणाली. गृहस्थ हसले आणि दोर परत पिशवीत ठेवला. त्या फाटकाला दोर बांधणं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. बांधणं म्हणजे बाबांच्या कामावर शंका घेतल्यासारखं झालं असतं.

दुसरी एक गोष्टही तेव्हा सुचायला हवी होती, ती सुचली नाही. आमच्या घरात एकदा जेवायला विसरलं तरी चालायचं, फाटकातून गेल्यावर ते लावायला विसरून चालत नसे. बाबा कुठेही असोत, गोठ्यात, छपरावर, आजारी अंथरुणात, आपण आत आलो की एकच शब्द यायचा. "फाटक?" लहानपणी आम्ही त्या शब्दाला रडत परत गेलेलो आहोत. पुढे तो शब्द यायच्या आधीच हात आपोआप मागे जाऊ लागला.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं आणि गवतावर गार पाणी. गाई गोठ्यात कोंडून ठेवल्या होत्या. त्या हंबरत होत्या आणि भोंग्यावरच्या घोषणांमधून त्यांचं हंबरणं ऐकू येत होतं. देशभरातून मुली आल्या होत्या. काळ्या, गोऱ्या, उंच, ठेंगण्या, सगळ्यांच्या मांड्यांवर काटा. मला भडक पिवळं जाकीट घालून फाटकाशी उभं केलं होतं. कुणाला मध्ये येऊ द्यायचं नाही, एवढं माझं काम.

पहिल्या फेरीला त्या आल्या तेव्हा जमीन हादरली. कळप उधळला की हादरते तशीच, पण आवाज फक्त श्वासांचा. चिखल माझ्या तोंडावर उडाला. धाकटी मधे कुठेतरी होती. तिचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही असं मला वाटलं.

दुसऱ्या फेरीला रांग लांबली होती. मी मोजलं. ती आठवी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि डावा खांदा खाली पडला होता. ती दमली की तो पडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आठवी. मला छापखान्यातला शाईचा वास आला. खरंच आला. खिडकीजवळचं माझं टेबल, वर लटकणारा दिवा, दुपारचा चहा. अंगावरचं ते पिवळं जाकीट मी आत्ताच काढून ठेवलंय असं हलकं वाटलं.

शेवटच्या फेरीला ओढ्यातून तीन मुली वर आल्या आणि फाटकातून गेल्या. मग बरंच अंतर गेलं आणि धाकटी आली. चौथी. एकटी. हनुवटीवर लाळ, डोळे उघडे पण कशावर नसलेले. ती फाटकातून गेली, आणि अंधारात उशी सापडावी तसा तिचा डावा हात मागे गेला, त्याने फाटकाची वरची पट्टी पकडली आणि ते ओढून घेतलं. कडी खणकन पडली. तिने मागे पाहिलं नाही. चढाला लागली.

मागून येणारी लाल कपड्यांतली मुलगी धुक्यातून वर आली आणि छातीने फाटकावर आदळली. तिच्यामागची तिच्यावर. आमची कडी उचलून आपल्याकडे ओढावी लागते, नवख्याला ते कळत नाही. मी धावले, कडी काढली. लाल मुलगी गुडघ्यावर पडली होती. ती उठून रडत रडत पुन्हा पळाली, पण तोवर दोघी तिच्यापुढे गेल्या होत्या.

भोंग्यावर धाकटीचा नंबर चौथा म्हणून पुकारला गेला. आणि थोड्या वेळाने मला तंबूत बोलावलं.

तंबूत एक टेबल होतं आणि त्यामागे गळ्याला मफलर गुंडाळलेले मुख्य पंच. लाल मुलगी खुर्चीवर बसली होती, तिच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. ती सातवी आली होती. तिचे प्रशिक्षक टेबलावर हात टेकून उभे होते. दुसऱ्या बाजूला घोंगडी पांघरलेली धाकटी आणि तिच्या मॅडम.

"फाटकाशी तुम्हीच होता ना?" पंचांनी विचारलं.

"हो."

"ते बंद कसं झालं? यांचं म्हणणं, पुढच्या मुलीने लावलं. तसं असेल तर तो अडथळा झाला, तिला बाद करावं लागेल."

"कुठलं फाटक?" धाकटी म्हणाली. ती खरोखरच विचारत होती. तिचे दात थंडीने वाजत होते.

खरं बोललं की मी सुटत होते. खरं बोलणं इतकं सोपं आणि इतकं सोयीचं क्वचितच असतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आपोआप लागलं," मी म्हटलं. "कलतं ते फाटक. बसवणाऱ्याने नीट बसवलेलं नाही."

मी तसं का म्हटलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. चांगुलपणा नव्हता, एवढं नक्की. कदाचित तिच्यासाठी कुणीतरी मोठं काही टाकून देतंय, आणि ती व्यक्ती मी आहे, हे एकदा तरी लोकांनी बघावं असं वाटलं असेल. इतके महिने सगळे तिचेच पाय बघत होते.

पंचांनी मान हलवली. "म्हणजे व्यवस्थेतला दोष. मग—"

"कुणी नीट बसवलं नाही?" धाकटीने मला विचारलं.

"आपल्या फाटकाचं म्हणतेय मी. कलतं ते, तुला माहीत आहे."

"नाही कलत."

"गप्प बस," मॅडम तिच्या कानाशी म्हणाल्या.

"अहो, पण ते बाबांचं फाटक आहे." ती मॅडमना समजावून सांगत होती, जणू त्यांची ऐकण्यात काही चूक झाली होती. मग पंचांकडे वळली. "ते आपोआप लागत नाही, सर. कधीच नाही. म्हणजे मीच लावलं असणार."

"असणार म्हणजे? आठवतंय का तुला?"

"नाही आठवत. पण आपोआप लागत नाही ते."

मॅडमनी तिचा दंड सोडला. लाल मुलीचे प्रशिक्षक टेबलापासून बाजूला झाले आणि बाहेरच्या धुक्याकडे बघत राहिले. लाल मुलगी सहावी धरली गेली. आमची बाद.

आम्ही दोघी तुडवलेल्या उतारावरून घरी निघालो. मी टाकलेली माती उधळली गेली होती, खड्डे पुन्हा उघडे पडले होते. ती माझ्यापुढे चालत होती.

"बाबांना नाव ठेवलंस तू," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी ठेवलं."

"मी सांगितलं होतं?"

"तुझं सगळं गेलं असतं."

"गेलंच."

थोडं चालल्यावर ती थांबली. "दुसऱ्या फेरीला आठवी होते ना मी?"

"हो."

"तू हसत होतीस."

मी पायाने एका खड्ड्यात माती लोटली.

"पाय संपले होते माझे," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात तसं दहापर्यंत मोजत होते, सोडून द्यायला कारण शोधत होते. तुझं तोंड बघितलं आणि डोकंच फिरलं. म्हटलं, आता सोडणार नाही. चौथी आले ती त्याच्यावर आले." तिच्या आवाजात राग नव्हता. बूट कुठे मिळाले हे सांगावं तसं ती सांगत होती. मग तिने घोंगडी आवळली आणि चालू लागली.

आई ओट्याशी उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या.

"फाटक लावलं म्हणून बाद केलं?"

"हो," धाकटी म्हणाली.

"मग काय उघडं टाकायचं होतं?" आई म्हणाली, आणि आत गेली. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. भांडी मी सकाळीच घासून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी धाकटी गोठ्यात गेली. मी मागोमाग गेले तर ती म्हणाली, "तू बस." शर्यतीने तिच्या मांड्या इतक्या आखडल्या होत्या की तिला स्टुलावर बसताना गाईच्या अंगाला धरावं लागलं. तिने कास धुतली, कपाळ गाईच्या कुशीत टेकलं आणि धार काढायला लागली. मी महिनोन्‌महिने काढत होते तशी नाही. तिचे हात सावकाश चालत होते आणि गाय मान खाली घालून रवंथ करत होती. माझ्याकडे असताना ती पहिल्या भांड्याला पाय उचलायची. मी त्या गाईला खोडकर समजत होते.

परतायच्या सकाळी मी खोकल्याच्या गाडीनेच स्टेशनला निघाले. पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले. मालकीणबाईंनी जागा ठेवली होती, टेबल तेच, खिडकी तीच. आई येऊन खिडकीच्या काचेला हात टेकून उभी राहिली. "पोचलीस की फोन कर. खोकल्याला सांग, हळू चालव."

"मी बहिरा नाही, काकू," खोकल्या म्हणाला.

धाकटी कॅन ढकलत आली. ती लंगडत नव्हती आता. कॅनची दांडी तिने एका हाताने धरली, गुडघा लावला आणि कॅन वर दिला. मला हे कधी जमलं नाही, मी दोन्ही हातांनी आणि पोटाने उचलत असे. खोकल्याने मागे चढून झाकण उघडलं, वास घेतला आणि गाडीबाहेर मान काढली.

"काय मालक," तो तिला म्हणाला, "आज पाणी कमी घातलंत वाटतं?"

बाबांना तो असंच म्हणायचा, रोज, इतकी वर्षं. मला तो कधी म्हणाला नाही. थंडीभर मी त्याला कॅन दिले आणि थंडीभर तो मला बाई म्हणत राहिला.

"विहीर आटलीये," धाकटी म्हणाली. "उद्या जास्त घालते."

तो हसता हसता खोकला. आईही हसली, तोंडावर पदर धरून. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. धाकटी माझ्या बाजूला आली, काचेवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाली, "जा ताई. वेळ होतोय तुला." ती मनापासून म्हणाली.

गाडी सुरू झाली. खोकल्या विचारत होता, शहरात मला दूध कोण घालतं. मी मान वळवून मागे पाहिलं नाही. बाजूच्या आरशात सगळं दिसतच होतं. आई आणि धाकटी मोकळा कॅन दोन बाजूंनी धरून घराकडे चालल्या होत्या आणि कशावरून तरी पुन्हा हसत होत्या.